'स्टॅटिक' लिहायचं राहून गेलं की…

'जावा आपली मेमरी आपणच साफ करते, म्हणून जावात मेमरी लीक होत नाही.' प्रोग्रामरच्या मुलाखतीत जावा या भाषेबद्दल हे उत्तर उमेदवार अगदी ठणकावून देतात. (मेमरी लीक म्हणजे नको झालेली माहिती मेमरीत अडकून राहणं.) ते अर्धंच खरं आहे. ही सफाई करणारा गार्बेज कलेक्टर म्हणजे पालिकेची घंटागाडी. दाराबाहेर ठेवलेलं तेवढं नेणार, घरात शिरून अडगळ काढणार नाही. चालू प्रोग्राममधून ज्या ऑब्जेक्टपर्यंत (मेमरीतल्या माहितीच्या गठ्ठ्यापर्यंत) एखादा तरी रेफरन्स, म्हणजे त्याचा पत्ता, पोचतो, त्याला तो हात लावत नाही.

आणि हा रेफरन्स कधीकधी आपण लिहिलेलाच नसतो!

क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवायचा साचा. एका क्लासच्या आत लिहिलेले इनर क्लास जावात आले 1997 साली, जेडीके (जावाच्या साधनांचा संच) 1.1 मध्ये. प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला मात्र 'क्लासच्या पोटात क्लास' ही भानगडच ठाऊक नव्हती. मग आपला कोड त्या मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरने शक्कल लढवली. इनर क्लासची वेगळी फाइल करायची, नावात डॉलरचं चिन्ह घालायचं आणि आत गुपचूप एक फील्ड (माहितीचा कप्पा) टाकायचं: 'धिस डॉलर झिरो' (this$0). त्यात बाहेरच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स असतो. 'खातं' या क्लासमधल्या 'व्यवहार' या इनर क्लासमध्ये तुम्ही नुसतं 'शिल्लक' लिहिता आणि काम होतं ते या फील्डमुळेच. आतल्या क्लासला 'स्टॅटिक' हा शब्द लावला की हे फील्ड गायब. (त्याचे ऑब्जेक्ट तरीही हवे तितके करता येतात, स्टॅटिक म्हणजे एकच प्रत असं इथे नाही.)

अँड्रॉइडमध्ये याचा फटका नेमका दिसतो. स्क्रीनच्या क्लासमध्ये इनर क्लास म्हणून हँडलर (मेसेज रांगेत लावून वेळ आली की हाताळणारा) लिहिला आणि दहा मिनिटांनी पोचणारा मेसेज लावला. तेवढ्यात फोन आडवा झाला. एरवी अशा वेळी जुनी अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे त्या स्क्रीनचं ऑब्जेक्ट, मोडून नवी तयार होते. पण रांगेतल्या मेसेजने हँडलर धरलाय, हँडलरने छुप्या फील्डमधून जुनी अ‍ॅक्टिव्हिटी आणि तिने त्या स्क्रीनवरची सगळी चित्रं. दहा मिनिटं सगळं मेमरीत अडकून! 'रॅम क्लीनर' म्हणून मिरवणारी अ‍ॅप्स यात काहीही करू शकत नाहीत. दुसऱ्या चालू अ‍ॅपच्या आतलं एक ऑब्जेक्ट वेचून काढणं त्यांच्या हातातच नसतं.

हिशेबही पाहा. जावाची लिंक्डलिस्ट म्हणजे कड्यांना कड्या जोडून केलेली यादी. तिच्यातली कडी, म्हणजे नोड, हा स्टॅटिक क्लास आहे. नेहमीच्या 64-बिट मशीनवर 12 बाइटचं हेडर आणि 4-4 बाइटचे तीन रेफरन्स, एकूण 24. छुपं फील्ड आलं की 28, आणि ऑब्जेक्टचा आकार आठाच्या पटीत लागतो म्हणून थेट 32. दहा लाख नोडना 80 लाख बाइट फुकट. त्याच लिस्टमधून एकेक करत पुढे जाणारा इटरेटर मात्र मुद्दाम स्टॅटिक केलेला नाही, कारण त्याला लिस्ट लागतेच.

कोटलिन या भाषेने पुढे हा नियमच उलटवला: आतला क्लास मुळातच बाहेरच्यापासून सुटा, नातं हवं तर 'इनर' लिहा. जेडीके 18 पासून जावाचा कंपायलरही, आतल्या कोडला बाहेरचं ऑब्जेक्ट लागत नसेल, तर बहुतेक वेळा ते फील्ड गाळतो. त्यातली एक ओळ जरी 'शिल्लक' म्हणाली, तरी ते परत हजर.