नवीन सेटअप एवढा मोठा का झाला, आत काय भरलंय आणि तुम्ही काय करायचं

नमस्कार मंडळी. आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरचा या वेळचा सेटअप घेताना बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की बिलाचा फॉर्मॅट तोच, रिपोर्ट तेच, मग फाइल एकदम सहा-सात एमबीनं फुगली कशानं, आत काही भलतंसलतं तर नाही ना. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

एका ग्राहकाकडचा प्रसंग सांगतो. कापडाचं होलसेल आहे त्यांचं. पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी सर्व्हरवर नोंदवून क्यूआर कोड घ्यायची पद्धत, लागू झालं तेव्हा तेही त्यात आले. संध्याकाळची वेळ, टेम्पो भरून दारात उभा, ड्रायव्हर चहा पिऊन दोनदा आत डोकावून गेला, आणि बिलावर क्यूआर कोड काही येईना. स्क्रीनवर एवढंच, 'अ‍ॅन एरर अकर्ड इन द सिक्युअर चॅनल सपोर्ट'. शेठनी फोन केला, आम्ही नेहमीचं विचारलं, नेट चालू आहे का? ते म्हणाले अहो ब्राउझरमध्ये सगळ्या साइट उघडतायत की, तुमचंच तेवढं अडलंय. आणि बरोबरच होतं त्यांचं.

झालं होतं असं. तुमचा पीसी आणि समोरचा सर्व्हर एकमेकांशी कुलूप लावून बोलतात, त्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये रीतसर मोडीत काढल्या, आता सर्व्हर १.२ किंवा १.३ मागतात. त्या काउंटरवरचा पीसी विंडोज सेव्हनचा. सेव्हनला १.२ येत नाही असं नाही, पण आमच्यासारखा जुना प्रोग्राम जेव्हा विंडोजलाच म्हणतो की बाबा तूच बोल सर्व्हरशी, तेव्हा ते जुन्याच पद्धतीनं सुरुवात करतं, वेगळा अपडेट टाकून वर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल केल्याशिवाय १.२ चालू होत नाही. क्रोमचं मात्र अडत नाही, कारण तो विंडोजवर अवलंबूनच नाही, बोरिंगएसएसएल नावाची स्वतःची लायब्ररी बरोबर घेऊन फिरतो. म्हणून ब्राउझर चालतो आणि आमचं सॉफ्टवेअर अडतं. चूक आमची, आम्ही दुसऱ्याच्या भरवशावर बसलो होतो.

लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांची नव्हे हां. दुसऱ्यांनी लिहून, तपासून तयार ठेवलेला कोड, जो आपण आपल्या प्रोग्राममध्ये वापरतो. नेटवर्कचं काम स्वतः पहिल्यापासून लिहायच्या भानगडीत कुणी शहाणा माणूस पडत नाही, आम्ही पण नाही.

मग वाटेल की सरळ सगळं आपल्या सेटअपमध्येच भरून द्यायचं, झालं. तर तिथंही आम्ही एकदा तोंडावर आपटलोय. ऑनलाइन बॅकअपच्या भागाला आम्ही फार पूर्वीच ओपनएसएसएल या कुलूपकिल्लीच्या लायब्ररीची १.०.२ आवृत्ती जोडून दिली होती, चालतंय ना मग कशाला हात लावा म्हणून ती तशीच राहिली. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ नावाच्या एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आणि मूळ सर्टिफिकेटच्या भरवशावर बाकीची खरी मानली जातात. आमच्या बॅकअप सर्व्हरचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं दिलेलं, ते दोन वाटांनी तपासता यायचं, एक नवी चालू आणि एक ही संपलेली. नव्या लायब्रऱ्या चालू वाट धरून पुढं गेल्या, आमची जुनी संपलेल्या वाटेनं गेली आणि तिथंच अडून बसली. बॅकअप बंद. आणि वाईट हे की बिलं व्यवस्थित निघत होती त्यामुळं कुणाला पत्ताच नाही, आम्हालाच लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, बघताना कळलं.

म्हणजे विंडोजवर सोडलं तरी फसतो आणि बरोबर देऊन विसरलो तरी फसतो. म्हणून आता ठरवलंय, लायब्ररी आम्हीच देणार, पण ती वेळच्या वेळी बदलणार, आणि तो बदल तुम्ही घ्यायचा.

आता आत काय आहे ते. मुख्य आहे लिबकर्ल, म्हणजे नेटवरून माहिती आणायची-पाठवायची कर्लची लायब्ररी. कर्ल हे स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं काम, १९९८ पासून चालू आहे, आणि गंमत म्हणजे सुरुवात झाली ती चलनाचे दर नेटवरून आणायच्या खटपटीतून, म्हणजे व्यापाऱ्याच्याच कामातून म्हणा की. आज फोनपासून गाडीपर्यंत सगळीकडं ती असते. कुलूपकिल्लीचं काम ओपनएसएसएल ३.५ करते. ३.० पण घेता आली असती पण तिचा सपोर्ट सप्टेंबर २०२६ ला संपतो, ३.५ चा एप्रिल २०३० पर्यंत आहे, मग उगाच लगेच परत बदलाबदली कशाला. दोन्हींची लायसन्स अशी आहेत की विकायच्या सॉफ्टवेअरबरोबर देता येतात, फक्त त्यांची नोटीस बरोबर द्यावी लागते, म्हणून फोल्डरमध्ये 'लायसन्स' नावाची फाइल दिसेल, ती असू द्या.

काही जाणकार ग्राहक विचारतील की विंडोज टेन-इलेव्हनवर विंडोजचीच सोय चांगली आहे, ती का नाही वापरली. चांगलीच आहे, आणि लिबकर्लला तिच्यावर पण चालवता येतं. पण मग टेनवाल्याची तक्रार वेगळी, सेव्हनवाल्याची वेगळी, आणि आमच्याकडं फोन उचलणारी माणसं तीन. सगळ्यांकडं एकच लायब्ररी असली की फोनवर निम्मं काम सोपं होतं. एक गोष्ट मात्र विंडोजकडूनच घेतलीय, ती म्हणजे भरवशाच्या मूळ सर्टिफिकेटची यादी. कारण काही अँटिव्हायरस सगळं नेट मधे थांबवून तपासतात, त्यासाठी स्वतःचं सर्टिफिकेट विंडोजच्या यादीत घालतात, आणि आपण फक्त स्वतःची यादी धरून बसलो तर अशा पीसीवर काहीच जोडलं जात नाही. म्हणून विंडोजची यादी आणि आमची यादी, दोन्ही बघितल्या जातात.

लिबकर्लला एफटीपी, मेल, काय काय येतं, आपल्याला फक्त एचटीटीपीएस, म्हणजे टीएलएसचं कुलूप लावलेलं वेबचं बोलणं, लागतं, म्हणून बोलायच्या बाकीच्या पद्धती (प्रोटोकॉल) लायब्ररी तयार करतानाच काढून टाकल्या. जेवढी दारं कमी तेवढी राखण कमी. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिबकर्लमध्ये एक गंभीर दोष सापडला होता, तो सॉक्स५ प्रॉक्सी, म्हणजे नेटला जाताना मधे ठेवलेला एक प्रकारचा सर्व्हर, वापरणाऱ्यांपुरता होता, लिबकर्लच्या ८.४.० आवृत्तीत दुरुस्त झाला, पण त्या आठवड्यात ज्यांच्याकडं जुनी कॉपी होती त्यांना प्रत्येकाला बसून तपासावं लागलं की आपण ते वापरतो का.

फाइल्स आमच्याच फोल्डरमध्ये राहतात, सिस्टिम३२ या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आम्ही काही टाकत नाही. पूर्वी टाकायचो, कबूल. मग दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या सेटअपनं त्याच नावाची वेगळी डीएलएल (लायब्ररीची फाइल) तिथं टाकली की आमचं बंद, आमची टाकली की त्यांचं बंद. आता ज्याचं त्याच्याजवळ. तुमच्या सिस्टिम३२ मध्ये कर्ल नावाची एक फाइल दिसेल, ती विंडोज टेनबरोबर २०१८ पासून येते, आमची नाही, कुणी ओळखीच्यानं सांगितलं म्हणून डिलीट करू नका.

तुमच्याकडून एवढंच हवंय. अपडेटची खिडकी आली की 'नंतर' दाबत बसू नका, दुकान बंद करताना पाच मिनिटं द्या, बहुतेक वेळा फक्त तीन डीएलएल बदलतात, डेटाला हात लागत नाही. अँटिव्हायरसनं लिबकर्ल किंवा ओपनएसएसएलच्या लिबक्रिप्टो, लिबएसएसएल या नावाची फाइल अडवली तर परस्पर 'अलाउ' करू नका, आधी आम्हाला फोटो पाठवा, फाइल आमचीच आहे का ते बघून सांगतो. विंडोज सेव्हनवर नवीन सेटअप आम्ही चालवून बघितलाय, चालतो, पण सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय, तेव्हा काउंटरचा पीसी बदलायचं मनावर घ्या.

आणि सर्टिफिकेटचा एरर आलाच तर फोन करायच्या आधी खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या पीसीची आतली बॅटरी गेली की रात्री मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ मागं जातं, सकाळी पीसी २००९ सालात उठतो, आणि त्याच्या हिशोबानं आजचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नसतं. बटणासारखी बॅटरी असते, सीआर२०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळते.