टायमिंग चेनच्या रंगीत कड्यांविषयी खुलासा

इंजिन बांधल्यावर क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) हाताने दोन फेरे फिरवला आणि टायमिंग चेनच्या, म्हणजे क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला देणाऱ्या साखळीच्या, रंगीत कड्या स्प्रॉकेटवरच्या (दातेरी चाकांवरच्या) खुणांवरून सरकलेल्या दिसल्या, की टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) चुकले, असे गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. या कड्या केवळ चेन बसवतानाच्या स्थितीसाठी असतात. समजा, क्रँकच्या स्प्रॉकेटला 20 दाते, कॅमच्या स्प्रॉकेटला 40 आणि चेनमध्ये 146 कड्या आहेत, तर दोन फेऱ्यांत चेन 40 कड्याच पुढे जाते आणि सारे पुन्हा जुळायला क्रँकचे तब्बल 146 फेरे लागतात. पडताळणी करायची ती स्प्रॉकेटवरच्या खुणांची, कारण त्या दर दोन फेऱ्यांनी जागेवर येतात. निव्वळ कड्या जुळवण्यासाठी बरोबर बसलेली चेन दाते सरकवून पुन्हा बसवली, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.