कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनीतून पाणी येतंय? ड्रायर घेण्याआधी एवढं वाचाच

पावसाळा लागला की बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) आम्हाला एकसारखे फोन, अहो स्प्रे गनमधून पाणी उडतंय, पेंटवर फोड येतायत आणि फिल्टर तर आत्ताच नवीन बसवलाय. फिल्टर चांगलाच असेल, पण तो थेंब अडवतो, वाफ नाही अडवत, आणि पुढे पाइप गार झाला की त्याच वाफेचं पाणी होतं.

हे पाणी बडोद्याच्या हवेतलंच. १०० सीएफएमचा (म्हणजे मिनिटाला १०० घनफूट हवेचा) कॉम्प्रेसर तासाला साधारण १७० घनमीटर हवा ओढतो, पावसाळ्यात ३० डिग्री आणि ८० टक्के दमटपणा धरला तर तेवढ्या हवेत चारेक लिटर पाणी असतं. ७ बारला दाबून हवा ४० डिग्रीपर्यंत गार झाली की त्यातलं तीन लिटर आफ्टरकूलर (दाबलेली गरम हवा गार करणारा भाग) आणि टाकीतच पडतं (म्हणून टाकीचा ड्रेन रोज सोडा, खरंच सोडा), पण लिटरभर वाफ होऊन पुढे निघतं, तेही दर तासाला. आठ तासांच्या शिफ्टला अर्धी बादली झाली.

रेफ्रिजरेटेड ड्रायर म्हणजे हवेचा फ्रिज. हवा ३ डिग्रीपर्यंत गार करतो, वाफेचं पाणी होतं, सेपरेटरमध्ये वेगळं पडतं आणि ऑटो ड्रेनमधून बाहेर जातं, त्या लिटरमधलं जेमतेम अर्धा कप उरतं. अजून गार केली तर आत बर्फ धरतो. पुढची लाइन ३ डिग्रीच्या खाली गेली तरच पाणी सुटणार, आणि तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही, त्यामुळे पेंटिंग, सीएनसी, पॅकिंगला उणे ४० डिग्रीलाही पाणी सुटणार नाही इतकी हवा कोरडी करणारा, ओल शोषणाऱ्या दाण्यांचा महागडा डेसिकंट ड्रायर आम्ही सुचवत नाही. पाइप कोल्ड रूममधून जात असेल तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या पाइपला हात लावून बरेच जण म्हणतात हवा गार नाही, ड्रायर बिघडला. तसं नाही, आत येणाऱ्या गरम हवेनेच बाहेर जाणारी गार हवा परत कोमट केलेली असते, नाहीतर पाइपला बाहेरून घाम सुटला असता.

साइज मात्र नीट बघा. कॅटलॉगमधले सीएफएम बहुतेक ३५ किंवा ३८ डिग्रीच्या हवेवर लिहिलेले असतात, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवा ४५ ने आत आली तर ३५ च्या दीडपटीहून जास्त वाफ घेऊन येते, मग १०० चा ड्रायर १०० ला पुरत नाही. ड्रायर मोकळ्या, हवेशीर जागी ठेवा, कंडेन्सरच्या (ड्रायरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीवरची धूळ काढत जा.

आणि ड्रेन! गंज आणि तेलाच्या चिखलाने तो तुंबला की काढलेलं पाणी परत हवेबरोबर पुढे जातं, ड्रायर चालू दिसतो आणि लाइन ओली. आठवड्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून पाणी येतंय ना बघा.

आम्हाला फोन कराल तेव्हा कॉम्प्रेसरचे सीएफएम, प्रेशर आणि टाकीनंतरच्या पाइपचं दुपारी दोनचं टेंपरेचर सांगा, सकाळचं नको.