क्रूझवरून व्हेनिसच्या हॉटेलवर: स्वतंत्र वॉटर टॅक्सी की शेअर्ड बोट?

व्हेनिसला क्रूझ संपवून पुढे दोन-तीन रात्री शहरात राहायचं ठरवलं, की बुकिंग करताना ‘जहाज ते हॉटेल, बोट ट्रान्सफर’ असा पर्याय हमखास समोर येतो. या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या सोयी विकल्या जातात. एकीत अख्खी मोटरबोट तुमच्या कुटुंबासाठी येते आणि शक्य असेल तर थेट हॉटेलच्या पाण्याकडच्या दाराला लागते. दुसरीत तुम्ही इतर प्रवाशांबरोबर बसता आणि बोट ठरलेल्या धक्क्यांवरच थांबते. फोटो दोन्हींचे सारखेच असतात: निळं पाणी, लाकडी बोट, मागे घुमट. त्यामुळे शेअर्ड बोटीचे पैसे भरून दारापर्यंत जायची अपेक्षा धरणारे पुष्कळ, आणि गरज नसताना अख्खी बोट घेऊन खिशाला चाट लावून घेणारेही काही कमी नाहीत.

गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच आणि स्वतः ठरवलेली स्पीडबोट, असाच हा फरक आहे. पण एक गोष्ट इथे वेगळी पडते. मांडव्याच्या जेट्टीवर उतरलं की अलिबागची बस उभी असते. व्हेनिसच्या धक्क्यावर उतरलं की पुढे बस नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. मुख्य भूमीवरून येणारा रस्ता पियात्साले रोमा आणि शेजारच्या त्रॉन्केत्तो बेटावर संपतो. त्यापुढचं शहर पायी नाहीतर पाण्यावरून. चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत. तेवीस किलोची बॅग सपाट फरशीवर मजेत घरंगळते. पुलाशी आली की ती उचलून चढवायची आणि उचलूनच उतरवायची. असे तीन पूल झाले की आई-बाबांचा जीव मेटाकुटीला येतो आणि तरुणांचेही खांदे भरून येतात. म्हणून बोट निवडताना आधी शेवटचे तीनशे मीटर बघावेत. बोटीतली गादी कशी आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

त्याही आधी एक तपासणी करावी लागते: तुमचं जहाज खरंच व्हेनिसला लागतंय का? २ जून २०१९ ला ‘एमएससी ऑपेरा’ हे प्रचंड जहाज शहराच्या दक्षिणेकडच्या रुंद जुदेक्का कालव्यात ताबा सुटून सान बासिलिओच्या धक्क्यावर आणि तिथे उभ्या असलेल्या एका पर्यटक बोटीवर आदळलं. मोठ्या जहाजांविरुद्ध व्हेनिसकरांचं आंदोलन त्याआधीपासूनच सुरू होतं. अखेर इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांपेक्षा मोठ्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरच्या पाण्यातून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी घातली. लहान जहाजं अजून शहरालगतच्या धक्क्यांवर येतात. मोठी जहाजं मुख्य भूमीवरच्या मार्घेरा किंवा फुसिनाला, नाहीतर थेट त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात. तरीही जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘व्हेनिस’ असतं आणि कंसात बारीक अक्षरात ‘राव्हेन्ना’. राव्हेन्नाहून व्हेनिस रस्त्याने दोन-अडीच तास. त्रिएस्तेहूनही दोन तास धरावेत. तिथून हॉटेलपर्यंत कुणी बोट आणणार नाही. आधी बस किंवा गाडीने पियात्साले रोमा किंवा त्रॉन्केत्तो गाठायचं आणि बोट तिथून ठरवायची. मार्घेरालाही बहुधा हेच करावं लागतं. तेव्हा तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, टर्मिनलचं नाव वाचा.

आता स्वतंत्र वॉटर टॅक्सी. चकचकीत पॉलिशची लाकडी बोट, पुढे उभा चालक, मध्ये छत असलेली बैठी केबिन, मागच्या बाजूला थोडी उघडी जागा. साधारण आठ-दहा माणसं मावतात, पण बॅगा मोठ्या असतील तर सहाच सुखाने बसतात. परवानाधारक बोटीच्या अंगावर पिवळी पट्टी आणि त्यावर नंबर असतो. टर्मिनलबाहेर कुणी ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत गाठलं तर आधी त्याच्या बोटीवर ती पट्टी आहे का, ते बघावं.

या टॅक्सीचं खरं मोल दाराशी कळतं. जुने वाडे पाण्याकडे तोंड करूनच बांधलेले आहेत आणि त्यांतली जी आज हॉटेलं झाली आहेत, त्यांतल्या अनेकांना अजून पाण्याकडचं दार आहे. बोट तिथे लागते, आतून माणूस येतो, बॅगा उचलतो आणि तुम्ही दोन पायऱ्या चढून थेट स्वागतकक्षात पोचता. वाटेत एकही पूल नाही. पण हॉटेल आतल्या गल्लीत असेल आणि त्याला पाणी लागूनच नसेल, तर हीच महागडी टॅक्सीसुद्धा जवळच्या घाटावर सोडते आणि उरलेलं अंतर तुम्ही बॅगा ओढत जाता. म्हणून टॅक्सी ठरवण्याआधी हॉटेलला एकच प्रश्न ईमेलने विचारा: पाण्याकडचं दार आहे का, आणि नसेल तर सर्वांत जवळ बोट कुठे लागते? उत्तर ‘दार नाही, पण घाट चाळीस पावलांवर आहे, मध्ये पूल नाही’ असं आलं तरी टॅक्सी परवडते. ‘घाटापासून दोन पूल’ असं आलं तर विचार करायला हवा.

शेअर्ड बोटीचेही प्रकार आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे शहराची सार्वजनिक बोट, वापोरेत्तो. तिचं एकेरी तिकीट साडेनऊ युरोचं, पंचाहत्तर मिनिटं चालणारं. एक नंबरच्या मार्गाची बोट पियात्साले रोमाहून निघून ग्रँड कॅनाल या शहरातल्या मुख्य कालव्यातून जवळजवळ प्रत्येक थांबा घेत जाते, त्यामुळे ग्रँड कॅनाललगतच्या बहुतेक हॉटेलांना ती पुरते. विमानतळाकडून येणाऱ्यांसाठी ‘आलिलागुना’च्या मोठ्या बोटी आहेत, त्या ठराविक मार्गांनी फिरतात. तिसरा प्रकार फसवा आहे: ‘शेअर्ड वॉटर टॅक्सी’. दिसायला तीच लाकडी बोट, पण तीत तीन-चार वेगवेगळी कुटुंबं. काही कंपन्या जवळपासच्या हॉटेलांचे प्रवासी एकत्र करून प्रत्येकाला त्याच्या नजीकच्या घाटावर सोडतात, काही फक्त दोन-तीन मोठ्या थांब्यांवर. नावात ‘हॉटेल’ असलं तरी अटींमध्ये ‘हॉटेलच्या जवळच्या थांब्यापर्यंत’ असं लिहिलेलं सापडेल. तेवढी ओळ शोधून वाचाच.

क्रूझ कंपनी जे ट्रान्सफर विकते ते बहुतेक वेळा याच शेअर्ड जातीचं असतं. मोठी बस किंवा मोठी बोट, सगळ्यांना एका जागी, बरेचदा पियात्साले रोमा, त्रॉन्केत्तो किंवा सान मार्कोजवळ उतरवायचं आणि निरोप घ्यायचा. त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला जहाज लागलं असेल तर ही बस जरूर घ्यावी, कारण जहाजाला उशीर झाला तरी ती थांबते. पण ती हॉटेलपर्यंतची सोय आहे असं धरून चालू नका. पुढचा टप्पा तुम्हालाच जोडायचा आहे.

पैशाचा हिशेब सरळ आहे. स्वतंत्र टॅक्सीचं भाडं अख्ख्या बोटीचं असतं, आणि विमानतळापासूनच्या फेरीला ते शंभर युरोच्या पुढेच जातं. टर्मिनल शहरालगत असेल तर अंतर कमी, तरी स्वस्त नव्हेच. ठराविक संख्येपेक्षा जास्त माणसं, जास्तीच्या बॅगा आणि रात्रीची वेळ, यांचे वेगळे पैसे पडू शकतात. शेअर्डचं भाडं माणशी असतं. त्यामुळे दोघांच्या जोडीला टॅक्सी जड जाते. आई-बाबा, मुलं धरून सहा जण असतील तर माणशी फरक बराच खाली येतो, आणि मग सहा बॅगा घेऊन गर्दीच्या वापोरेत्तोत घुसण्यापेक्षा टॅक्सीच शहाणपणाची. दोघंच असाल, बॅगा लहान असतील आणि हॉटेल ग्रँड कॅनालच्या थांब्यापासून एका गल्लीत असेल, तर मी बिनदिक्कत वापोरेत्तोच सुचवेन.

पण एका बाबतीत लोक नेमकं उलटं धरतात. महाग ते ज्येष्ठांना सोयीचं, असं वाटतं. टॅक्सीत चढताना घाटावरून बोटीच्या काठावर पाय टाकायचा, मग खाली पायरी, मग वाकून केबिनमध्ये. पाणी खाली गेलेलं असेल तर पहिलं पाऊल चांगलंच खोल पडतं आणि बोट हलत असते. चालक हात देतो, तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे कठीण जातं. वापोरेत्तोला तरंगता धक्का असतो, तो पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे बोटीत जवळजवळ सपाट पाऊल टाकता येतं. व्हीलचेअर असेल तर साडेनऊ युरोची सार्वजनिक बोट शंभर युरोच्या टॅक्सीपेक्षा कितीतरी सुखाची. टॅक्सीच हवी असेल तर व्हीलचेअर चढवण्याची सोय असलेली बोट आधी सांगून मागवावी लागते. अशा बोटी मोजक्याच आहेत.

भरती-ओहोटीचं गणित मात्र दोन्हींना लागू होतं, टॅक्सीला जरा जास्त. टॅक्सी आतल्या अरुंद कालव्यांतून जाते. पाणी फार चढलं तर ती बुटक्या पुलांखालून जात नाही, फार उतरलं तर उथळ कालवा बंद पडतो. मग वळसा घालावा लागतो किंवा दाराऐवजी मोठ्या कालव्यावरच्या घाटावर उतरवतात. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. त्यानंतर, ३ ऑक्टोबर २०२० ला, व्हेनिसभोवतीच्या सरोवराच्या समुद्राकडच्या तोंडाशी बसवलेली ‘मोझे’ ही हलती दारं पहिल्यांदा प्रत्यक्ष भरतीसाठी उचलली गेली, आणि आता मोठ्या भरतीला ती शहराला वाचवतात. तरी शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्यात जात असाल तर टॅक्सीवाल्याला विचारून ठेवा: पाण्यामुळे दारापर्यंत जाता आलं नाही तर कुठे सोडाल?

वेळ ठरवताना जहाज धक्क्याला लागण्याची वेळ धरू नका. जहाज सातला लागलं तरी तुमच्या बॅगेच्या टॅगच्या रंगानुसार नंबर लागेपर्यंत नऊ वाजू शकतात. आपली बॅग आपणच उचलून उतरणार असाल तर लवकर बाहेर पडता येतं. शेअर्ड बोट ठरल्या वेळेला निघून जाते. स्वतंत्र टॅक्सी थोडं थांबते, पण किती आणि कितव्या मिनिटापासून पैसे लागतात, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यायचं. वेगाची घाई करून उपयोग नाही. शहराच्या आतल्या कालव्यांत वेगमर्यादा ताशी दहा किलोमीटरच्याही खाली आहे, कारण लाटांचे तडाखे जुन्या भिंती झिजवतात.

बुकिंग करताना मेसेजमध्ये जहाजाचं नाव, टर्मिनल, उतरण्याची अंदाजे वेळ, माणसं किती, मोठ्या बॅगा किती, कुणाला चालायला त्रास आहे का, हे सगळं एकदाच लिहावं. आणि पत्ता नीट द्यावा. व्हेनिसमध्ये पत्ता म्हणजे विभागाचं नाव आणि नंबर: कान्नारेज्जो, कास्तेल्लो, दॉर्सोदुरो, सान पोलो, सांता क्रोचे, सान मार्को या सहांपैकी एक आणि पुढे हजारांतला आकडा. हे नंबर गल्लीवार नसतात, सगळ्या विभागभर फिरत जातात. ‘सान मार्को, अमुक नंबर’ एवढ्यावरून हॉटेल मुख्य चौकात आहे की पंधरा मिनिटं दूर, काही उमगत नाही. हॉटेलचं नाव, फोन आणि जवळचा थांबा, तिन्ही द्या.

काही हॉटेलांची स्वतःची बोट असते. जुदेक्का बेटावरचं ‘चिप्रियानी’ किंवा ईझोला देल्ले रोझे बेटावरचं ‘जे डब्ल्यू मॅरियट’ पाहुण्यांना सान मार्कोजवळून ने-आण करतात. अशा हॉटेलात राहत असाल तर सान मार्कोपर्यंत वापोरेत्तोने आणि पुढे त्यांच्या बोटीने, असा स्वस्त आणि आरामाचा मार्ग निघतो. बॅगा त्या बोटीत चालतील ना, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

परतीचं विमान मार्को पोलो विमानतळावरून असेल तर पुन्हा हाच प्रश्न उभा राहतो. टॅक्सी थेट विमानतळाच्या धक्क्यावर सोडते, तिथून इमारतीपर्यंत छपराखालून आठ-दहा मिनिटं चालायचं. आलिलागुनाला सान मार्कोहून तासाभराहून जास्त लागतो. पहाटेचं विमान असेल आणि हॉटेल पियात्साले रोमाजवळ असेल, तर बोटींचा विचार सोडून तिथून सुटणारी विमानतळाची बस घ्या. साधारण वीस-पंचवीस मिनिटांत पोचवते.