सिलिकोन रोपण व प्रतिकारशक्ती

सिलिकोन म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लवचीक साखळीचे बहुवारिक (पॉलिमर). (चिपमधले सिलिकॉन वेगळे; बोलताना दोन्हींची सरमिसळ होते.) स्तनरोपण, मेंदूतले पाणी पोटात उतरवणारी शंट-नळी, बोटांचे कृत्रिम सांधे यांत ते वापरतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीर नाकारते, तसे सिलिकोन नाकारत नाही. त्याला कोंडून ठेवते.

करवंदीचा काटा टाचेत मोडून राहिला की भोवती टणक गाठ धरते, साधारण तसेच. इथे जंतू मात्र लागत नाहीत. रोपण बसताच काही मिनिटांत रक्तातली प्रथिने त्यावर चिकटतात. आधी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, मागून मॅक्रोफेज, म्हणजे परके कण गिळणाऱ्या पेशी. मॅक्रोफेजला हा घास गिळवत नाही, मग अनेक पेशी एकजीव होऊन महाकाय पेशी बनतात. काही आठवड्यांत कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची पिशवी तयार होते. पिशवी प्रत्येकातच बनते, तो आजार नव्हे. ती आक्रसली तर त्रास. किती आक्रसली ते बेकर श्रेणीने (1 ते 4) मोजतात: श्रेणी 3 मध्ये स्तनाचा आकार बिघडतो, 4 मध्ये दुखूही लागते. रोपणावर साचलेला जंतूंचा पातळ थर हे यामागचे एक महत्त्वाचे कारण मानतात. सिलिकोनची खरी ॲलर्जी विरळाच.

स्तनरोपणाचे आवरण फाटून आतले जेल पाझरले की ते काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकते, आणि खरा घोटाळा इथे होतो. आपल्याकडे काखेत गाठ म्हटली की आधी क्षयाची शंका येते. सुईने काढलेल्या नमुन्यात महाकाय पेशी दोन्हींत दिसतात. सिलिकोनच्या गाठीत पेशींमध्ये रिकाम्या गोल पोकळ्या असतात, क्षयाच्या गाठीत बहुधा चीजसारखी मृत ऊती. रोपणाची माहिती तपासणीच्या चिठ्ठीवर नसेल तर क्षयाचे औषध सहा महिने विनाकारण चालू शकते.

रोपणानंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा स्तनाभोवती पाणी साचले तर ते तपासावेच. ते पाणी शक्य तितके काढून सीडी30 (पेशींवरची एक खूण) चाचणीला पाठवतात. खडबडीत पृष्ठभागाच्या रोपणांशी जोडलेला टी-पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) लिंफोमा हा कर्करोग असा उघडकीस येतो. ॲलर्गन कंपनीने आपली तशी रोपणे 2019 मध्ये जगभरातून परत घेतली.

लावणीच्या दिवसांत ताप आला की कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) धरून चालतात. शंट असलेल्या मुलाला तापासोबत उलट्या, गुंगी असेल तर नळीतला जंतुसंसर्ग आधी पाहावा. त्यासाठी अनेकदा मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते. रोपणाचे कार्ड (लॉट क्रमांक, आकार, तारीख) पावसाळी ओलीत कुजते. लॅमिनेट करून फोनमध्ये त्याचा फोटोही ठेवावा.