कॅलिफोर्नियात काउंटीकडून कागद कसे मागायचे आणि जाब कसा विचारायचा: कोण करू शकतं, काय लागतं, किती दिवस लागतात

१० डिसेंबर आणि १० एप्रिल या दोन तारखा इथे घर घेतलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, प्रॉपर्टी टॅक्सचे हप्ते. पैसे काउंटीकडे जातात, आणि पुढे त्याचं काय होतं हे विचारायला मात्र आपले लोक कचरतात. मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की "अरे मी एच-वन व्हिसावर आहे, मला मतदान नाही, मला कोण विचारतंय". मत देता येत नाही हे खरं आहे, पण कागद मागायला, मीटिंगमधे उभं राहून बोलायला, लेखी तक्रार करायला सिटिझन असावं लागत नाही, आणि हे माझं मत नाही, इथला कायदाच तसा आहे. म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करा, तुमचं गाऱ्हाणं नक्की कोणाकडे जायला पाहिजे. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि बहुतेक काउंट्यांच्या पोटात सिटीज असतात, शिवाय शाळांचे, पाण्याचे, बसचे वेगळे डिस्ट्रिक्ट्स, प्रत्येकाचं बोर्ड वेगळं. आपल्याकडे जिल्हा परिषद वेगळी आणि नगरपालिका वेगळी तसंच साधारण. काउंटीकडे काय असतं तर शेरिफ (काउंटीचे पोलीस), जेल, पब्लिक हेल्थ, काही ठिकाणी काउंटी हॉस्पिटल, बहुतेक ठिकाणी हॉटेलांची तपासणी, घराची किंमत ठरवणारा असेसर, निवडणुकांचं काम, आणि ज्या वस्त्या कुठल्याच सिटीत येत नाहीत तिथले रस्ते. पत्त्यात सॅन होजे लिहिलंय म्हणजे घर सॅन होजे सिटीच्या हद्दीत आहे असं नसतं, मधेमधे अशा बिनसिटीच्या जागा आहेत, आणि तिथे राहणाऱ्याने सिटीला शंभर फोन केले तरी काही होणार नाही. काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकून बघा आणि तुमचा सुपरवायझर, म्हणजे तुमच्या भागातून काउंटीच्या बोर्डावर निवडून आलेला माणूस, कोण तेही तिथेच बघून ठेवा. सांता क्लारा काउंटीत पाच सुपरवायझर आहेत, सॅन फ्रान्सिस्कोत सिटी आणि काउंटी एकच असल्याने अकरा.

आता मुख्य विषय, कागद मागणे. कायद्याचं नाव कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, १९६८ चा आहे, २०२३ पासून त्याची कलमं नव्या नंबरांनी आली, गव्हर्नमेंट कोड ७९२०.००० पासून पुढे, त्यामुळे जुन्या लेखांमधे ६२५० वगैरे दिसलं तर तो जुना नंबर. २००४ मधे मतदारांनी प्रपोझिशन ५९ हा प्रस्ताव पास केला आणि हा हक्क राज्याच्या घटनेतच आला.

ज्यांनी महाराष्ट्रात माहितीचा अधिकार वापरलाय त्यांना हे सोपं जाईल, पण फरक नीट समजून घ्या. तिकडे अर्जदार भारताचा नागरिक लागतो, दहा रुपये फी, तीस दिवस, नाही मिळालं तर पहिलं अपील दुसरं अपील. इकडे नागरिकत्व लागत नाही, त्या काउंटीत राहत असण्याचीही अट नाही, अर्जाची फी नाही, आणि कशासाठी पाहिजे हे सांगायची सक्ती नाही. तोंडी मागितलं तरी चालतं पण तोंडी मागू नका, लेखीच मागा, कारण लेखी मागितलं की नकार पण लेखी द्यावा लागतो, कुठल्या कारणाने आणि कोणी नाकारलं ते लिहून. उलट्या बाजूने, इथे पहिलं अपील दुसरं अपील असला मार्गच नाही, थेट सुपिरियर कोर्ट, म्हणजे राज्याचं त्या काउंटीतलं कोर्ट. कोर्टात तुम्ही जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकारी एजन्सीने द्यायचा, आणि हरलात तर त्यांचा खर्च तुमच्यावर फक्त तेव्हाच येतो जेव्हा केस अगदीच बिनबुडाची होती असं कोर्टाला वाटतं. म्हणून काउंटीचे वकील नकार देताना दहादा विचार करतात.

डॉक्युमेंट्स काय लागतात? खरं तर काहीच नाही. ना पासपोर्ट, ना ग्रीन कार्ड, ना लाइट बिल. उत्तर पाठवायला एक इमेल पत्ता पुरतो. काउंटीचं ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथे टाका, नसेल तर त्या डिपार्टमेंटला इमेल करा, मजकूर इंग्लिशमधेच लिहा म्हणजे काम पटकन होतं.

दिवसांचा हिशोब असा. दहा दिवसांत, म्हणजे कॅलेंडरचे दहा दिवस, सुट्ट्या धरून, त्यांनी सांगायचं की रेकॉर्ड देणार का नाही आणि देणार तर अंदाजे कधी. खूप कागद असतील किंवा दुसऱ्या ऑफिसातून गोळा करायचे असतील तर आणखी चौदा दिवसांपर्यंत वाढवून घेता येतात, पण तसं कळवून. दहा दिवसांत कागद हातात पडतील असं समजू नका, दहा दिवसांत येतं ते फक्त उत्तर, आणि अकराव्या दिवशी काहीच आलं नसेल तर तोच इमेल फॉरवर्ड करून वर दोन ओळी लिहायच्या की मुदत अमुक तारखेला संपली. तिथे जाऊन नुसतं बघायला पैसे नाहीत, कॉपी पाहिजे असेल तर कॉपी काढायचा थेट खर्च तेवढा, शोधायला वेळ लागला म्हणून चार्ज लावता येत नाही. डेटाबेसमधून खास प्रोग्रॅमिंग करून काही काढायचं असेल तर त्याचा खर्च मागू शकतात, आधी एस्टिमेट मागून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मागायचं कसं. माझं स्वतःचं सांगतो. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक मोरी आहे, रस्त्याखालून जाणारा पाइप, जानेवारीच्या पावसात ती तुंबली की पाणी थेट फूटपाथवर, शाळेत चालत जाणारी पोरं गाड्यांच्या बाजूने रस्त्यावरून जायची. काउंटीच्या अ‍ॅपवर मी आणि शेजाऱ्यांनी मिळून कितीतरी तक्रारी टाकल्या. मग मी पहिली रिक्वेस्ट टाकली ती चुकीची होती, "या रस्त्याबद्दलचे सगळे कागद द्या". उत्तर आलं की हजारो पानं आहेत, नीट सांगा. त्यात त्यांचं चुकलं नव्हतं, आणि नेमकं काय मागायचं ते ठरवायला तुम्हाला मदत करणं हे कायद्याने त्यांचं काम आहे, ते मी हक्काने मागितलं. तिथल्या बाईंनी फोन करून सांगितलं की आमच्याकडे वर्क ऑर्डरचं लॉग असतं, ते मागा.

दुसऱ्या वेळी असं लिहिलं: अमुक रस्ता आणि अमुक रस्ता यांच्या कोपऱ्यावरच्या मोरीबद्दल, मागच्या १ ऑक्टोबरपासून आजपर्यंत, आलेल्या सर्व्हिस रिक्वेस्ट, त्यावर काढलेल्या वर्क ऑर्डर आणि त्या बंद केल्याच्या नोंदी, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात. बस्स. जागा, काळ, कागदाचा प्रकार. तीन आठवड्यांनी दोन पानांची पीडीएफ आली. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत आमच्या मोरीचा नंबर, पुढे "काम पूर्ण" आणि तारीख. त्या तारखेनंतर सहा दिवसांनी काढलेला फोटो माझ्या फोनमधे होता, गुडघाभर पाणी आणि त्यात तरंगणारा कचऱ्याचा डबा. मी ते पान आणि तो फोटो शेजारी शेजारी ठेवून प्रिंट काढलं. इतके महिने आम्ही "कोणी ऐकत नाही" एवढंच म्हणत होतो, आता हातात काहीतरी होतं.

काय मिळत नाही तेही सांगतो. कर्मचाऱ्यांची खासगी माहिती, चालू तपासाचे कागद, वकिलांशी झालेला पत्रव्यवहार, काही कच्चे मसुदे, हे नाकारू शकतात. पण एका पानात दोन ओळी गोपनीय असतील तर त्या काळ्या करून बाकीचं पान द्यावं लागतं, पूर्ण फाइल दाबून ठेवता येत नाही. आणि अधिकाऱ्याने सरकारी कामाचे मेसेज स्वतःच्या फोनवर किंवा पर्सनल इमेलवर केले तर ते पण मागता येतात, २०१७ मधे कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने सॅन होजे सिटीच्याच केसमधे हे सांगितलंय.

अजून एक कागद आहे जो फार कमी लोक बघतात, फॉर्म ७००. सुपरवायझर, शेरिफ, मोठे अधिकारी यांना दर वर्षी आपलं बाहेरचं उत्पन्न, शेअर्स, जमिनी, मिळालेल्या भेटी यात लिहाव्या लागतात, बहुतेकांची मुदत १ एप्रिल. हा कोणीही मागू शकतं, मागणाऱ्याचं नाव किंवा आयडी विचारायला परवानगी नाही, कॉपीला पानामागे जास्तीत जास्त दहा सेंट. तुमच्या भागात एखादा मोठा प्रोजेक्ट येत असेल तर मत देणाऱ्यांचा फॉर्म ७०० आधी वाचा.

मीटिंगमधे बोलायचं तर ब्राउन अ‍ॅक्ट, १९५३ चा, बोर्डांच्या मीटिंगा लोकांसमोर व्हायला हव्यात असं सांगणारा कायदा. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, स्पेशल मीटिंग असेल तर २४ तास. मीटिंग मंगळवारी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी चहा घेताना अजेंडा उघडून बघायची सवय लावा, बहुतेक वेळा तोवर आलेला असतो. अजेंड्यावरच्या विषयावर बोलता येतं, आणि नेहमीच्या मीटिंगमधे अजेंड्यावर नसलेल्या पण त्या बोर्डाच्या हातातल्या विषयावरही. नाव सांगायची किंवा सही करायची सक्ती नाही, स्पीकर कार्ड असतं पण कायद्याने ते ऐच्छिक आहे. व्हिडिओ रेकॉर्ड करता येतो. अधिकाऱ्यांवर किंवा बोर्डावर टीका केली म्हणून थांबवता येत नाही. अजेंड्याबाहेरच्या विषयावर बोललात तर बोर्ड बहुधा गप्प बसेल, त्याचा राग मानू नका, त्या विषयावर चर्चा करायला कायद्याने त्यांनाच मनाई आहे. मीटिंग झाल्यावर सुपरवायझरच्या ऑफिसचा माणूस तिथेच असतो, त्याला गाठा.

आणि हे तर आपल्या आई-वडिलांसाठी फार मोलाचं आहे, भाषांतर करणारा माणूस घेऊन बोलायचं असेल तर दुप्पट वेळ द्यावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका काकांना सिनिअर सेंटरच्या जेवणाबद्दल बोलायचं होतं, ते मराठीत बोलले, मुलीने इंग्लिश केलं. समोरच्या घड्याळावर आधी दोन मिनिटं लावलेली, मुलीने क्लार्कला सांगितलं, आकडा बदलून चार झाला. काकांनी वहीतलं एक पान हातात धरलं होतं, पण त्याकडे न बघताच बोलले, की मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, मला डायबेटिस आहे, आणि शाकाहारी ताट म्हणून मला रोज पास्ता मिळतो. पाचही जण ऐकत होते. माझं मोरीचं भाषण त्याआधी झालं होतं, ते पान मी दाखवलं, ऑफिसचा माणूस बाहेर येऊन फोटो काढून घेऊन गेला, आणि पुढच्या महिन्यात मशीन आलं. पाइप अजून जुनाच आहे, तो बदलायचं बजेट कुठल्या वर्षात आहे यासाठी माझी तिसरी रिक्वेस्ट चालू आहे.

अजेंड्यावर न टाकताच निर्णय घेतला किंवा बंद दाराआड ठरवलं असं दिसलं तर त्याच बोर्डाला लेखी मागणी करायची की चूक दुरुस्त करा. याची मुदत कडक आहे, उघड मीटिंगमधल्या अजेंड्याच्या चुकीसाठी ३० दिवस, बाकीच्यासाठी ९०.

एवढं करूनही काही होत नसेल, किंवा प्रकरण एका मोरीपेक्षा मोठं असेल, तर सिव्हिल ग्रँड ज्युरी. प्रत्येक काउंटीत दर वर्षी बसते, बहुतेक ठिकाणी १९ साधे नागरिक, लॉस एंजेलिसमधे २३, आणि त्यांचं कामच काउंटी, सिटीज आणि डिस्ट्रिक्ट्सचा कारभार तपासणं. तक्रारीचा फॉर्म सुपिरियर कोर्टाच्या किंवा ज्युरीच्या वेबसाइटवर असतो, तक्रार कोणीही करू शकतं, ती गोपनीय राहते. फॉर्मसोबत तारीखवार घटना, आधी कोणाकडे दाद मागितली, आणि कागदांच्या कॉपीज जोडा, ओरिजिनल देऊ नका. म्हणूनच मी म्हणतो की आधी रेकॉर्ड्स रिक्वेस्ट करा, तिथून आलेले कागद इथे कामाला येतात. कोर्टात चालू असलेली केस, कोर्टाचे निकाल किंवा फेडरल सरकारची कामं यात ते पडत नाहीत. बहुतेक काउंट्यांत वर्ष १ जुलै ते ३० जून, त्यामुळे मे महिन्यात तक्रार टाकाल तर यांना वेळच राहत नाही. रिपोर्ट निघाला की बोर्डाला ९० दिवसांत आणि निवडून आलेल्या अधिकाऱ्याला ६० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. ही ज्युरी नुसती कागदी नाही. सांता क्लारा काउंटीच्या शेरिफ लॉरी स्मिथ यांच्यावर डिसेंबर २०२१ मधे ग्रँड ज्युरीनेच आरोप ठेवले, बंदुकीची परमिट्स देताना केलेली मेहेरबानी आणि हॉकीचा सामना बघायच्या खास बॉक्सची लपवलेली भेट वगैरे, आणि नोव्हेंबर २०२२ मधे कोर्टात त्या दोषी ठरल्या, निकालाच्या काही दिवस आधी त्यांनी राजीनामा दिला होता.

ज्युरीत स्वतः बसायचं असेल तर मात्र सिटिझन लागतो, वय १८ पूर्ण, त्या काउंटीत एक वर्ष वास्तव्य आणि पुरेसं इंग्लिश. आपल्यातले जे सिटिझन झालेत आणि रिटायर झालेत त्यांनी याचा अर्ज जरूर भरा, आठवड्यातले बरेच तास जातात, पण तुमच्याइतकं हिशोब बघणारं माणूस तिथे पाहिजेच.

राहिला रिकॉल, म्हणजे निवडून आलेल्या माणसाला मुदतीआधी घरी पाठवणं. अलामिडा काउंटीच्या मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी पामेला प्राइस यांना नोव्हेंबर २०२४ मधे मतदारांनी असंच काढलं. रिकॉलच्या मागणी अर्जावर सही फक्त त्या भागातल्या रजिस्टर्ड व्होटरची चालते. इंडियन ग्रोसरीच्या दुकानाबाहेर टेबल टाकून, क्लिपबोर्ड पुढे करून सही मागणारे लोक उभे असतात, कितीही पटलं तरी ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असाल तर सही करू नका आणि घरी आलेल्या आई-वडिलांनाही आधीच सांगून ठेवा. टेबलवाल्याला सरळ सांगायचं, मी व्होटर नाही.