वायपर बंद पडला म्हणजे मोटर गेली, असे नव्हे

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

मृग लागला की आमच्या वर्कशॉपच्या दारात सकाळी सातपासून गाड्या उभ्या राहतात. मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो, इंडिका, मधूनच एखादी पद्मिनी. उतरणारे बहुतेक जण एकच सांगतात, "वायपरची मोटर गेलीय, नवीन टाका." मोटर आम्ही बसवतो, पण ती खराब आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बसवत नाही. कारण बिघाड पुष्कळदा दुसरीकडेच असतो. गंजलेल्या स्पिंडलमध्ये (ज्यावर वायपरची दांडी बसते तो फिरता दांडा), निसटलेल्या लिंकमध्ये (मोटर आणि स्पिंडल जोडणारी पट्टी), काळवंडलेल्या अर्थिंगच्या (बॉडीला जोडलेल्या मायनसच्या) वायरीत किंवा नुसत्या रबरात. नवीन मोटर टाकून ही दुखणी जात नाहीत. थोडे दिवस लपतात आणि नवीन मोटरही खराब करतात.

साताऱ्यात आमच्याकडे दोन तऱ्हेच्या गाड्या येतात. एक माण-खटावकडच्या. तिथे पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, ऊन कडक, धुरळा भरपूर. दहिवडी-म्हसवडची गाडी आठ-नऊ महिने वायपर न लावता फिरते, रबर उन्हात वाळून कडक होते आणि मग एके दिवशी जुलैत ती महाबळेश्वरला जाते, जिथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पसरणी घाटात पहिल्यांदा वायपर लावल्यावर काचेवर नुसते फराटे उमटतात. दुसऱ्या गाड्या मेढा, बामणोली, कोयनानगरकडच्या. त्यांचे रबर बरे असते, पण चार महिने पाणी आणि धुके खाऊन काचेखालचे लोखंड गंजलेले असते. म्हणून गाडी कुठे उभी असते, हे आम्ही पहिल्यांदा विचारतो.

वायपर चालतो कसा, हे थोडक्यात. स्विच दिला की करंट फ्यूजमधून, स्विचमधून आणि रिलेमधून (करंट जोडणारा-तोडणारा छोटा विजेचा स्विच) मोटरला जातो. मोटर गरगर फिरते आणि तिच्या पोटातला गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतो. गिअरला जोडलेली लिंक पुढे-मागे होते, लिंक दोन्ही स्पिंडल हलवते, स्पिंडलवर दांडी आणि दांडीला ब्लेड. मोटरमध्ये सहसा तीन कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे) असतात. दोन समोरासमोरचे, त्यांच्यावर स्लो चालते. तिसरा जरा बाजूला बसवलेला, त्याच्यावर फास्ट. शिवाय गिअरजवळ एक पार्किंगचा पॉइंट असतो. तुम्ही स्विच बंद केलात तरी दांड्या खाली येऊन टेकेपर्यंत हा पॉइंट मोटरला करंट देत राहतो.

एवढे लक्षात असले की वायपर कसा बंद पडला यावरून बिघाड कुठे आहे याचा निम्मा अंदाज घरच्या घरी बांधता येतो. काच आधी ओली करा. कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवून बघू नका, रबर फाटते आणि काचेवर ओरखडे येतात. मग इंजिन चालू ठेवून स्विच द्या आणि कान देऊन ऐका.

काहीच आवाज नाही? काचेवर पाणी मारायची छोटी मोटर चालते का बघा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींचा फ्यूज एकच असतो. दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज बघा. फवारा चालतो आणि वायपर नाही, तर शोध पुढे रिले, स्विच, कपलर (मोटरच्या वायरींचा प्लग) आणि मोटरकडे न्यायचा. फ्यूज उडालेला दिसला तर त्याच आकड्याचा नवीन घाला. किती अँपिअरचा, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेले असते. नवीनही लगेच उडाला तर तिसरा घालू नका. कुठेतरी वायर घासून बॉडीला लागते आहे किंवा लिंक जाम होऊन मोटर अडकते आहे. आणि फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद तर कृपा करून कधीच नको. डॅशबोर्डखालचे अख्खे वायरिंग वितळलेल्या गाड्या आम्ही उघडल्या आहेत.

मोटरचा आवाज येतो, दांड्या हलत नाहीत, तर मोटर बिचारी काम करते आहे. लिंकच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश (गोळीवर बसणारी वाटी) झिजून ती गोळीवरून निसटली असणार, किंवा मोटरमधल्या गिअरचे दाते गेले असणार. एकच दांडी हलते आणि दुसरी पडून राहते, तेव्हा आधी तिच्या बुडाचा नट बघा. तो सैल झाला की स्पिंडल आत फिरतो आणि दांडी जागची हलत नाही. असे फार दिवस चालवले तर दांडीचे दाते गुळगुळीत होतात आणि मग नट कितीही आवळा, पकड येत नाही. वेळेवर आवळला असता तर दांडी वाचली असती, असे दरवर्षी कुणाला तरी सांगावे लागते.

फास्ट चालतो, स्लो नाही, किंवा उलटे, तर एक कार्बन घासला आहे किंवा स्विचचा पॉइंट जळला आहे. स्विच बंद केल्यावर दांड्या काचेच्या मधोमधच थांबतात, तेव्हा पार्किंगचा पॉइंट किंवा त्याची वायर. बंद केले तरी थांबतच नाही, तेव्हाही तोच पॉइंट, नाहीतर चिकटलेला रिले. तोवर फ्यूज काढून ठेवा.

आता ज्या बिघाडात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात त्याबद्दल. वायपर हळूहळू चालतो, वर जाताना कण्हतो, जोराच्या पावसात आठ-दहा मिनिटे चालून थांबतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो. इथे जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, मोटर कमजोर झाली. पण पुष्कळ मोटरींमध्ये जास्त तापल्यावर करंट तोडणारा पॉइंट असतो. मोटर थांबते ती स्वतःला वाचवण्यासाठी. प्रश्न हा, की ती कशामुळे तापते.

जावळीतल्या एका शिक्षकांची मारुती ८०० अशीच आली होती. दोन वर्षांत दोन मोटरी बदललेल्या, दोन्ही वेळा वेगवेगळ्या ठिकाणी. आम्ही काचेखालची जाळी काढली, मोटरपासून लिंक सोडवली आणि लिंक हाताने हलवून बघितली. ती एका बोटाने हलायला हवी. इथे दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. डाव्या बाजूचा स्पिंडल त्याच्या नळीत गंजून घट्ट धरला होता. दोन्ही मोटरी त्या गंजाशी झुंजत थकल्या होत्या. स्पिंडल बाहेर काढला, गंज उतरवला, नळी साफ केली, ग्रीस भरले, वरची रबरी सील नवी घातली. गाडीत होती तीच मोटर जोडली आणि वायपर झपझप चालू लागला. सरांनी पहिली काढलेली मोटर घरी ठेवली होती. ती आणून टेबलावर लावली, तीही चालली.

म्हणून आमचा नियम आहे की, हळू चालणाऱ्या वायपरची लिंक सोडवल्याशिवाय मोटरवर बोट ठेवायचे नाही. लिंक सोडवून मोटर मोकळी छान पळाली तर दोष लिंकमध्ये किंवा स्पिंडलमध्ये. मोकळीही रेंगाळली तर आधी तिला पुरेसा करंट मिळतो का बघायचे, मग मोटर उघडायची. आत ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते, कार्बनची भुकटी साचलेली असते. साफसफाई, नवीन ग्रीस आणि नवीन कार्बन यांवर अनेक जुन्या मोटरी आणखी काही वर्षे जातात. आर्मेचर (मोटरच्या आतला तार गुंडाळलेला फिरता भाग) जळाले असेल किंवा गिअरचे दाते गेले असतील आणि सुटा गिअर मिळत नसेल, तरच मोटर बदला असे आम्ही सांगतो.

करंटचे म्हणाल तर एक चूक आमच्याही हातून झाली आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. एका इंडिकात कपलरला टेस्ट लॅम्प लावला, लॅम्प स्वच्छ पेटला, म्हणजे करंट येतो असे धरून आम्ही मोटर बदलली. नवीन मोटरही तशीच रेंगाळली. दोष अर्थिंगच्या वायरीत होता, बॉडीवरचा स्क्रू गंजलेला. लॅम्पला करंट थोडा लागतो, तो गंजलेल्या जोडातूनही पेटतो. मोटरला जोराचा करंट लागतो आणि तो तिथे अडतो. त्या ग्राहकाला मोटरचे पैसे आम्ही परत दिले. तेव्हापासून वायपर चालू असतानाच कपलरवर मीटर लावतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात. मोटरपर्यंत येताना त्यातला मोठा भाग गायब होत असेल, तर वाटेतला जोड शोधायचा. अर्थिंगची खात्री करायला सोपी युक्ती आहे. एक जाड वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट मोटरच्या अर्थिंगला लावायची. वायपर एकदम जागा झाला तर मोटर चांगली आहे. बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून नवा स्क्रू लावला की काम झाले.

काच नीट पुसली जात नाही ही तक्रार वेगळी. तिथे मोटरचा काही संबंध नाही. ब्लेड उचलून रबराच्या काठावरून बोट फिरवा. काठ कडक, चिरलेला किंवा लाटेसारखा झाला असेल तर रबर बदला. आमच्या भागात दर पावसाळ्याआधी बदलणे योग्य. लोखंडी चौकटीचे ब्लेड धड असेल तर नुसते रबरही बदलता येते, ते सांगून घ्या. रबर नवीन आणि तरी काचेवर धूसर पट्टे उमटतात, तर काचेवर तेलकट थर आहे. गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रकच्या मागे फिरून हा थर बसतोच, शिवाय वॉशिंग सेंटरवरच्या पॉलिशचाही बसतो. काच साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा घासून धुवा, रबर ओल्या कपड्याने पुसा. रॉकेल किंवा डिझेल लावू नका, रबर फुगते. वायपर काचेवर थडथड उडत जातो, तर दांडी पिळली गेली आहे. रबर काचेला सरळ उभे टेकायला हवे. बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याचे भोक क्षाराने बुजते. टाकीत पिण्याचे स्वच्छ पाणी भरा, भोक टाचणीने मोकळे होते.

आणि वायपर नीट फिरतोय, तरी समोर दिसत नाही, तेव्हा काचेला आतून हात लावून बघा. यवतेश्वर-कासच्या रस्त्यावर पाच जणांच्या श्वासाने काच आतून धुरकटते. ब्लोअर काचेवर सोडा, एसी असेल तर लावा. याच तक्रारीवरून वायपर बदलायला आलेले ग्राहक आम्ही तसेच परत पाठवले आहेत.

घरी हात घालणार असाल तर तीन गोष्टी. लिंकमध्ये बोटे घालण्यापूर्वी मोटरचा कपलर काढा. कुणी चुकून स्विच दिला तर बोट चिरडते. ब्लेड काढून दांडी उघडी ठेवायची वेळ आली तर काचेवर जाड कपडा घाला, कारण स्प्रिंगने दांडी आपटली की काच तडकते. आणि दांडी काढण्याआधी ती काचेवर कुठे टेकते तिथे चिकटपट्टी लावा. बसवताना मोटर एकदा चालवून पार्किंगला येऊ द्या आणि मगच दांडी त्या पट्टीवर बसवा. एक दाता इकडेतिकडे झाला तरी ब्लेड काचेच्या बाहेर आपटते. अडकलेली दांडी पेचकसने उपसू नका. बॉनेटचा रंग जातो आणि स्पिंडल वाकतो. आमच्याकडे त्यासाठी छोटा पुलर (दांडी सरळ वर ओढून काढायचे हत्यार) आहे.

घाटात वायपर बंद पडलाच, तर खिडकीतून डोके काढून गाडी रेटू नका. आंबेनळी असो की कुंभार्ली, रुंद जागा बघून बाजूला घ्या, इंडिकेटर लावा आणि फ्यूज बघा. जुने ट्रक ड्रायव्हर काचेवर ओली तंबाखू चोळतात. त्याने थेंब न राहता पाणी पसरते आणि थोडा वेळ दिसते, एवढे खरे. पण ते पुढच्या थांब्यापर्यंतच. दोन जादा फ्यूज मात्र डिकीत ठेवाच.

गाडीला १५ वर्षे होऊन पासिंगला (नोंदणी पुढे वाढवण्याच्या तपासणीला) न्यायची असेल, तरी वायपर आधी तपासून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०१ क्रमांकाचा नियम वायपरचाच आहे. आरटीओत तो चालवून बघतात आणि नुसत्या वायपरपायी फेरी वाया जाते. त्यानंतर दर ५ वर्षांनी हेच.

आमच्याकडे गाडी आणलीत की आधी तपासणी, मग काय करायचे आणि किती खर्च येईल ते सांगणे, आणि तुमचा होकार आल्यावरच काम. बदललेला प्रत्येक भाग तुमच्या हातात परत. मेच्या शेवटी आलात तर निवांत काम होते. जूनमध्ये दुपारनंतर गर्दी असते, सकाळी या. फोन करताना "मोटर गेली" एवढेच न सांगता आवाज येतो का, कुठे थांबतो, किती वेळाने थांबतो, ते सांगा. त्यावरून सामान आधी काढून ठेवता येते.

आणि मागे कधी बदललेली जुनी मोटर घरी पडून असेल तर तीही घेऊन या. टेबलावर लावून फुकट तपासून देतो.